हिराबाईची कवळी

दातांच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. त्यामुळे जे काही बोलायचं ते तो खुर्चीत बसायच्या आधी बोलतो, नाहीतर उठल्यावर, अर्धा गाल बधिर असताना. दोन्ही वेळा तो घाईत असतो, म्हणून खरं बोलतो. अशी खरी बोलणी माझ्याकडे इतकी साठली आहेत की कुठे ठेवू ते कळत नाही.

माझा दवाखाना बाळकुमला, फरसाणच्या दुकानाच्या वर. खाली जिलब्या तळतात, वर मी दाढा काढते. एका बाजूला जुनं गावठाण, दुसऱ्या बाजूला टॉवर. दोन्हीकडची तोंडं मी आतून बघितलेली आहेत. मदतीला रेखा आहे. ती दिव्याहून येते. दिव्यात पाणी आलं की ते भरायला तिला उशीर होतो, आणि नाही आलं की ते शोधायला जास्त उशीर होतो.

लग्नाकार्यात कोणीतरी हमखास विचारतं, "काय गं, तुझ्या दवाखान्यात गमती घडत असतील ना?" घडतात की. ऐकताना मीसुद्धा हसते. घरी डोंबिवलीला पोचेपर्यंत मात्र चिडलेली असते. आमचे हे म्हणतात, तू हल्ली फार कडवट झालीस. असेन. मी काय पाहते ते ऐका, मग बोला.

*

दाढ काढल्यावर आम्ही जागेवर कापसाचा बोळा ठेवतो आणि सांगतो, तासभर घट्ट चावून धरा, थुंकू नका, चूळ भरू नका, थुंकी गिळा. रक्ताची गाठ धरली की जखम भरते. थुंकत राहिलात की गाठ निघते, आणि मग जो ठणका लागतो तो दाढदुखीपेक्षा वाईट. एवढं साधं आहे. पण आपल्याकडे तोंडात काहीही आलं की थुंकायचं, हे जन्मापासून शिकवलेलं असतं.

टॉवरमधले एक निवृत्त मुख्याध्यापक दाढ काढून घेऊन गेले आणि थोड्याच वेळात परत आले. रुमाल लाल झालेला. लिफ्टपासून गेटपर्यंत आणि गेटपासून इथपर्यंत थुंकत आलेले. मधे घरी गरम मिठाच्या गुळण्यासुद्धा करून झाल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, गिळा म्हणून सांगितलं होतं ना?"

सर ताठ बसले. कापूस तोंडातून काढला, म्हणजे तोही काढायचा नव्हता, आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि तुम्ही रक्त प्यायला सांगता?"

मी म्हटलं, "सर, तुमचंच आहे."

"कोणाचं का असेना," सर म्हणाले.

*

हिराबाई पहिल्यांदा आली ती नवऱ्याला घेऊन. हिराबाई गावठाणातली कोळीण. नाक्यावरच्या मासळी बाजारात पाटी घेऊन बसायची. चिंबोऱ्या तिच्याच घ्याव्यात असं गावातले लोक सांगायचे. नवरा महादू. पूर्वी खाडीत होडी घालायचा, आता खाडीत मासळी राहिली नाही म्हणून ओट्यावर बसून असायचा. त्याची खालची दाढ ठणकत होती, रूट कॅनाल करायचं होतं.

महादू खुर्चीत आणि हिराबाई त्याचा हात धरून उभी. मी इंजेक्शन हातातसुद्धा घेतलं नव्हतं, तेव्हाच तो ओरडला. हिराबाई म्हणाली, "बाय, जरा बेतानं. त्यांना सोसवत नाय."

तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्या, समोरचे दात डुगडुग हलणारे, दाढा बहुतेक गेलेल्या. मी विचारलं, "तुझे कधी दाखवणार?"

"यांचं होऊ दे आधी," ती म्हणाली.

महादूचा अर्धा गाल बधिर होता. तरी तेवढ्यातल्या तेवढ्यात वाकड्या तोंडानं तो बोलला, "तिला कशाला दात? तोंड तसंच चालतंय तिचं."

बाहेर बसलेले पेशंट हसले. हिराबाई पदर तोंडाला लावून सगळ्यांपेक्षा जास्त हसली.

रूट कॅनालनंतर मी सांगितलं, बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, मग दोन दिवस मऊ खा. पुढच्या वेळी हिराबाई कौतुकानं सांगत होती, आठवडाभर तिनं नवऱ्याला मासळीचे काटे काढून भरवलं. मी म्हटलं, अगं, दोन दिवस सांगितले होते. ती म्हणाली, "त्यांना आवडलं."

*

आता हे फक्त गावठाणात चालतं असं टॉवरवाल्यांनी समजू नये.

एका मुलीची अक्कलदाढ काढली. हाडात आडवी रुतलेली, चांगलं तासभर काम चाललं. मुलगी आयटीत, नवराही आयटीत. निघताना मी दोघांना समोर बसवून सांगितलं, आज गालाला बाहेरून बर्फ लावायचा. दोन दिवस आराम. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, उष्णतेपाशी उभं राहायचं नाही.

नवरा मोबाइलमध्ये लिहून घेत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पिढी बदलली.

लिहिता लिहिता त्यानं मान वर केली. "वाकायचं नाही म्हणजे स्वयंपाक चालेल ना मॅडम? आमच्याकडे उभा ओटा आहे."

मुलीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडात बोळा होता.

*

हिराबाईचा मुलगा संदीप. मोबाइलच्या दुकानात कामाला, हातात कडं, बोलण्यात टेन्शन नाही. त्याचंही रूट कॅनाल मी केलं. ते केल्यावर दात आतून कोरडा होतो, ठिसूळ होतो, म्हणून वर कॅप बसवायची असते. पण दुखायचं थांबलं की आपला माणूस बरा झाला. मग तो डॉक्टरचा फोन उचलत नाही. रेखानं त्याला किती वेळा फोन केला असेल ते तिलाच माहीत.

"टेन्शन नका घेऊ, दुखतच नाय," तो दर वेळी म्हणायचा.

गटारीला यार-दोस्त जमले. हिराबाईनं चिंबोऱ्यांचं कालवण केलेलं. पठ्ठ्यानं भरदार नांगी घेतली आणि त्याच दाताखाली फोडली. नांगी शाबूत राहिली, दात उभा चिरला. श्रावणाच्या पहिल्या दिवशी स्वारी गाल धरून हजर. सोबत आई.

"मॅडम, रूट कॅनालला गॅरंटी असते ना?" हा त्याचा पहिला प्रश्न.

मी त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही. रेखानं दार लावून घेतलं होतं.

दात काढावा लागला. तो आत बोळा चावून बसलेला असताना हिराबाई बाहेर रेखाशी बोलत होती. मी ऐकत होते. ती म्हणाली, "नांगी दातानं फोडायची मजाच येगली गो. रस कसा तोंडात येतो. मी आता पाट्यावर दगडानं ठेचते आनि बोटानं मऊ मऊ तेवढं काढून खाते. जलमभर इकली, पन आता नुसती इकायचीच." मग म्हणाली, "एकदा तरी मना दातानं फोडायची हाय."

मी बाहेर आले आणि म्हटलं, "बस खुर्चीत. आज तुझं तोंड बघते."

"संदीपचा नवीन दात बसू दे," ती म्हणाली. "मंग माझा नंबर."

संदीपचा नवीन दात बसला. मग नातवाला तारा लावायच्या निघाल्या. मग महादूच्या दुसऱ्या दाढेला कॅप. हिराबाई प्रत्येकासोबत आली आणि प्रत्येकाची चप्पल सांभाळत बाकावर बसली.

*

शेवटी हिरड्या सुजून भाकरीसुद्धा चावेना, तेव्हा ती आली. एकटी, बाजार उठल्यावर, पाटी जिन्याखाली ठेवून. मी तपासलं. सगळेच काढावे लागणार होते. मी सांगितलं, थोडे थोडे काढू, जखमा भरू देऊ, मग माप घेऊन पूर्ण कवळी करू. ती हो म्हणाली. खालचे काढून झाले, काही त्रास नाही. वरच्यांची वेळ आली तेव्हा मात्र अख्खं घर सोबत आलं.

"वरचे नाय काढायचे," महादू म्हणाला. "वरच्या दाताची शीर डोल्याला असते. डोले जातात."

ही समजूत कुठून आली देव जाणे, पण गावठाणात आहे आणि तेविसाव्या मजल्यावरही आहे. मी कवटीचं चित्र काढून दाखवलं. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. उलट सडका दात तोंडात ठेवला तर पू वर चढतो, तो त्रास खरा. म्हातारपणी दात पडायच्या वयातच मोतीबिंदू होतो, म्हणून लोक दोन्हीची गाठ मारतात. सगळं सांगितलं. सून प्रिया बारावी झालेली, ती मान डोलवत होती. मला वाटलं तिला पटलं.

तिनं विचारलं, "पण मॅडम, समजा, चुकून डोळे गेलेच, तर पाटीवर कोण बसणार?"

महादू म्हणाला, "हां. त्योच विचार मी करतोय."

हिराबाई खुर्चीत होती. एवढा वेळ कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. तिनं मान मागे टेकली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून म्हणाली, "काढ गो बाय. डोले गेले तरी मासली मना हातानं कलते."

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि काम सुरू केलं.

*

गोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. मी चिठ्ठीवर 'जेवणानंतर' असं लिहायचे. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी टॉवरमधल्या एका बाईंनी गोळ्या घेतल्याच नाहीत. का, तर उपास होता, जेवण नव्हतं, म्हणून जेवणानंतरही नव्हतं. साबुदाण्याची खिचडी दोन वेळा झाली होती. "ती फराळात येते, जेवणात नाही," बाईंनी मला समजावलं. मी महिनाभर हा किस्सा सगळ्यांना सांगून हसले.

वरचे दात काढल्यावर हिराबाईलाही तीच चिठ्ठी दिली. घरच्यांना बोलावून सांगितलं, आज पेज, गार दूध, उद्यापासून मऊ भात, वरण. चुलीपाशी बसवू नका. गार म्हणून आइस्क्रीम दिलं तरी चालेल, रक्त थांबायला बरंच. संदीप म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम, मोठा डबा नेतो."

तिसऱ्या दिवशी ती आली ती सुजलेलं तोंड घेऊन. अंगात ताप. मी विचारलं, गोळ्या? तिनं कमरेच्या बटव्यातून पाकीट काढलं. एकही फोडलेली नव्हती.

"जेवनानंतर म्हनालीस ना," ती म्हणाली. "मी जेवलीच नाय."

रेखा हातातलं काम टाकून उभी राहिली. मी विचारलं, पेज नाही केली कोणी? ती म्हणाली, प्रिया बाजारात पाटीवर बसली होती, दमून येते बिचारी. महादूला पेज आवडत नाही, त्याला तळलेली मासळी लागते, ती हिराबाईनंच तळली. मग स्वतःसाठी वेगळं कुठे मांडायचं.

"आणि आइस्क्रीम?" मी विचारलं. "संदीपनं आणलं नाही?"

"आनलं की," ती घाईघाईनं म्हणाली. मुलाला बोल लागू नये म्हणून. "मोठा डबा आनला. सगल्यांनी खाल्लं. मी डबा धुतला. चांगला घट्ट झाकनाचा हाय, सुकट ठेवलीय त्यात."

त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर 'जेवणानंतर' लिहीत नाही. वेळ लिहिते, आणि खाली लिहिते, काहीतरी खाऊन. रेखानं खालून दूध आणि पाव आणला, पाव दुधात कुस्करून माझ्याच केबिनमध्ये तिला भरवला, आणि पहिली गोळी आमच्यासमोर दिली. हिराबाई खाताना सारखी दाराकडे बघत होती. म्हणाली, "कोनी पायलं तर म्हनतील, म्हातारी डाक्टरकडे जेवायला जाते."

*

हिरड्या भरल्या, माप घेतलं. कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात रोवून एकदा तोंडात बसवून बघतात. त्या दिवशी हिराबाई नवं पातळ नेसून आली. मी मेणाची कवळी बसवली आणि हातात आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं.

"ही कोन?" ती म्हणाली. "ही तर हिंदी सिरेलमधली सासू हाय."

मग तिनं सूचना सुरू केल्या. इतके पांढरे नकोत, लोक म्हणतील म्हातारी नटली. आणि समोरचा एक जरा वाकडा ठेव. तिचा स्वतःचा तसा होता म्हणे, लहानपणी होडीच्या काठावर आपटून वाकडा झालेला. मी म्हटलं, अगं, लोक सरळ करून मागतात. तिनं मान हलवली. "मना माझ्यासारखी दिसायची हाय. वाकडा ठेव."

मी वाकडा ठेवला. लॅबवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं की मॅडम, चुकून वाकडा राहिलाय का.

त्या दिवशी जाताना मी नेहमीच्या सूचना आधीच देऊन ठेवल्या. रात्री काढून पाण्यात ठेवायची. सुरुवातीला टोचेल, तेव्हा स्वतः घासायची नाही, माझ्याकडे यायचं. आधी मऊ खायचं, दोन्ही बाजूंनी चावायचं. आणि नांगी या दातांनी फोडायची नाही, कवळी तुटेल.

"मंग दात कशाला देतेस?" हिराबाई म्हणाली.

मी हरले. म्हटलं, एक छोटीशी, मऊ कवचाची चिंबोरी, माझ्यासमोर, इथे बसून. ती इतकी खूश झाली की मेणाची कवळी तोंडातच घेऊन जिन्याकडे निघाली. रेखानं धावत जाऊन काढून घेतली.

*

कवळी आठ दिवसांत तयार होऊन आली. हिराबाईला मात्र तेवढ्यात तापानं धरलं, मग पायांना सूज आली, मग ती घराबाहेर पडेना. आमच्या फाइलमध्ये तिच्या नावापुढे नंबर होता तो संदीपचा.

रेखा फोन करायची. संदीप म्हणायचा, "हां, सांगतो आईला." दुसऱ्या वेळी म्हणाला, "गणपती होऊ देत." तिसऱ्या वेळी, "नवरात्र होऊ दे."

कवळी कोरडी पडली तर आकार बदलतो, म्हणून ती पाण्याच्या डबीत ठेवलेली. रेखा रोज पाणी बदलायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे प्यायला पाणी येत नाय आणि मी रोज हिराबाईच्या दातांना ताजं पाणी भरते."

बाजारात तिला प्रिया भेटली, हिराबाईच्या जागेवर बसलेली. प्रिया म्हणाली, आई फार अशक्त झाल्यात, काही खातच नाहीत. रेखानं सांगितलं, अगं, दात तयार आहेत, बसवा म्हणजे खातील. प्रिया म्हणाली, "आता कुठे दात? आधी खाऊन-पिऊन ताकद येऊ दे, मग बसवू."

रेखानं हे मला येऊन सांगितलं तेव्हा मी एकाची कॅप बसवत होते. ती बसवली आणि संध्याकाळच्या पेशंटना उद्या यायला सांगितलं. दुपारी दवाखाना बंद केला आणि डबी पर्समध्ये घालून गावठाणात गेले.

महादू ओट्यावर बसून शेंगदाणे खात होता. मी केलेल्या दाढांनी, मी बसवलेल्या कॅपनं. आवाज रस्त्यावर येत होता.

मी म्हटलं, "कवळी आणलीय. पाच मिनिटांचं काम आहे."

"आत्ताच डोला लागलाय तिचा," तो म्हणाला. "आनि खरं सांगू का बाय, आजारी मानसाच्या तोंडात नवं कोरं दात बरं दिसत नाय. लोक येतात बघाया. म्हनतील, म्हातारीला आता हौस सुचली."

मी आत जायला पायरी चढले. दारातून दिसत होतं, हिराबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली, गाल आत गेलेले. उशाशी पेल्यात चहा होता, त्यात बुडवलेलं बिस्कीट विरघळून गेलं होतं. तिला उठवावंसं वाटेना.

"उद्या ये," महादू म्हणाला. "उद्या मी सोता उठवून बसवतो."

दुसऱ्या दिवशी रेखा वेळेवर आली. ती वेळेवर आली तेव्हाच मला कळायला हवं होतं. गावठाणातून येताना तिनं हिराबाईच्या दारात माणसं बघितली होती आणि तिथून ती धावत आली होती.

मी अंत्ययात्रेला गेले नाही. कोणाशी नीट बोलता आलं नसतं. कवळीचं काय करायचं तेही सुचेना. रेखानं त्या दिवशीही पाणी बदललं.

*

आणि आता हे शेवटचं.

हिराबाईच्या दहाव्याला सकाळी दवाखान्याखाली रिक्षा थांबली. महादू धापा टाकत जिना चढून आला. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, हातात तो आइस्क्रीमचा डबा. सुकटीचा वास वेटिंग रूमभर पसरला.

"डाक्टरीन बाय, दात दे तिचे," तो म्हणाला. "कावला शिवत नाय."

खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवून सगळे ताटकळत होते. कावळे भिंतीवर ओळीनं बसलेले, एकही खाली उतरेना. संदीपनं हात जोडून सांगितलं, आई, दारू सोडतो. कावळा हलला नाही. प्रिया म्हणाली, आई, तुमची पाटी मी बंद पडू देणार नाही. नाही. महादू स्वतः म्हणाला की पोरांना त्रास देणार नाही, मिळेल ते खाईन. तरी नाही. ऊन चढायला लागलं, भटजींना दुसरीकडे जायचं होतं. भात वाळत चालला. तेव्हा हिराबाईच्या शेजारी बसणारी मासळीवाली मागून म्हणाली, "तिला दात पायजे होते रे."

मी डबी दिली. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून बघत होता. महादूनं कवळी आइस्क्रीमच्या डब्यात घातली, झाकण दाबलं आणि रिक्षात बसला. मी खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत बघितलं. मग आत येऊन काम पुरं केलं. रेखा रिकामी डबी हातात धरून उभी होती, तिला म्हटलं, धुऊन ठेव.

संध्याकाळी दवाखाना उघडला तेव्हा महादू बाकावर येऊन बसलेला होता. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा. डबा मांडीवर.

"शिवला?" मी विचारलं.

"पिंडाशेजारी दात ठेवले आनि वलायच्या आत शिवला," तो म्हणाला. "दोन कावले आले. संदीप रडला." आणि पंच्यानं डोळे पुसत तोही रडला. मी त्याला पाणी दिलं. मला वाटलं, बिचारा आभार मानायला आला असेल.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं डब्याचं झाकण उघडलं. आत कवळी होती. साबणानं धुतलेली, फडक्यात गुंडाळलेली.

"पोरं पान्यात सोडत होती," तो म्हणाला. "मी नाय सोडू दिली. नवी कोरी हाय, कोनी वापरलीच नाय." त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि तोंडात बोट घालून स्वतःचा समोरचा दात हलवून दाखवला. "माझे पन हलाय लागलेत. तुझ्याकडे ठेव. पडले का मना बसव."

मग कवळी उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून, त्यानं नीट बघितलं.

"समोरचा एक वाकडा हाय," तो म्हणाला. "पन चालंल मना."